फ्यूजचं तोंड

वहिनीनं बोलावलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. भुताखेतांना ही वेळ सोयीची नाही, मान्य. पण जे घडलं ते ऑफिसच्या वेळेत घडलं, त्याला माझा इलाज नाही.

टेबलावर दादाचा अॅम्प्लिफायर होता. घरी बनवलेला, पत्र्याचा डबा, त्यावर ब्रशनं रंगवलेले वेडेवाकडे आकडे. अकरा वर्षांपूर्वी त्याच पत्र्याला हात लागून दादा गेला. तेव्हापासून डबा माळ्यावर.

"एकदाच वाजवून द्या, भाऊजी," वहिनी म्हणाली. "मग खुशाल भंगारात घाला. सगळे म्हणतात, ह्यांना काही येत नव्हतं, अर्धवट ज्ञानापायी जीव घालवला. लेकसुद्धा तेच म्हणते. ह्यांनी नीट बनवला होता, एवढंच मला ऐकायचंय."

मी मान डोलावली. चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मान डोलावणं जड जात नाही.

आता खरं सांगतो. तेव्हाही हा डबा फ्यूज उडवायचा. दादा कंटाळत नसे. म्हणायचा, "फ्यूज उडतो म्हणजे तो काहीतरी सांगतोय, बाबूसाहेब. त्याचं तोंड बंद करायचं नसतं." मला मात्र गाणं ऐकायचं होतं. दादा अंघोळीला गेला तेव्हा मी खिशातली टाचणी दोन्हीकडून वाकवली आणि फ्यूजच्या जागी बसवली. डबा झकास वाजला. आतला ट्रान्सफॉर्मर जळत गेला, वीज पत्र्यात उतरली, आणि दादा ओल्या हातानं आवाज कमी करायला आला. गाणं अर्ध्यावर तुटलं.

वायरमन यायच्या आत मी टाचणी काढून तिथं उडालेला फ्यूज ठेवला. "जोडणी चुकली," वायरमन म्हणाला. मी मान डोलावली. टाचणी पुढं ऑफिसात एका फायलीला टोचून टाकली. फायलीत गेलेली वस्तू परत येत नाही, एवढा अनुभव गाठीशी होता.

तर मी नवा ट्रान्सफॉर्मर बसवला, फ्यूज घातला, बटण दाबलं.

फट्.

दादानं शिकवलं होतं तसा एकेक भाग सोडवत गेलो. आवाजाचा बोर्ड काढला. फट्. डायोड काढले. फट्. मोठे कपॅसिटर काढले, तरी फट्. खोलीत जळक्या वार्निशचा वास भरला. जळका ट्रान्सफॉर्मर तर मी मघाशीच बाहेर टाकला होता. शेवटी नव्याच्याही तारा सोडल्या. आता उरलं बटण आणि फ्यूज. वीज पुढं जाणार कुठं?

फट्.

"काय म्हणतोय तो?" वहिनीनं हळूच विचारलं.

"कोण?"

"फ्यूज हो. हे म्हणायचे ना... तो काहीतरी सांगतो म्हणून."

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंही. पण जिभेला जुनं वळण.

"जोडणीच चुकलीय, वहिनी. दादाचीच चूक. वायरमन बरोबर बोलला होता."

वहिनीनं डोळेही पुसले नाहीत. नुसतं "बरं" म्हणाली आणि ऐकण्यासाठी जवळ ओढलेली खुर्ची परत भिंतीला लावली.

मी प्लग काढला. वायर गुंडाळायला घेतली. तेवढ्यात हातातली वायर कोमट लागली... आणि डबा गुणगुणला. आधी बारीक, घशातल्या घशात. मग स्पीकरमधून गाणं आलं. त्या दिवशीचंच. जिथं तुटलं होतं तिथून पुढचं.

"वाजतोय की..." वहिनी कुजबुजली. "ह्यांनी नीटच बनवला होता."

मी फ्यूजचं टोपण फिरवलं. बोटं पोळली. आत फ्यूज नव्हताच. दोन्हीकडून वाकवलेली टाचणी टेबलावर पडली. तिला कागदाचा एक कपटा टोचलेला, कडा जळालेल्या.

वहिनीनं चष्मा लावला. कपटा उजेडाकडं धरला.

"तपासले. हरकत नाही," तिनं सावकाश वाचलं. गाणं चालूच होतं.

"भाऊजी... खाली सही तुमचीच ना?"