अंतराळात न घोरणारे आजोबा

"स्थानकात आम्ही सहा जण एवढ्याशा खोलीत झोपतो. एकानेही कधी तक्रार केली नाही. आणि तू म्हणतेस मी घोरतो?"

शर्वाणीने कपाळावर हात मारला. या माणसाला सांगायचं तरी काय? तिचे विसूआजोबा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकात जोडारी (यंत्रांचे सुटे भाग जोडणारे कारागीर) होते, महिन्यापूर्वी रजेवर आले होते. तेव्हापासून रोजचा एकच तमाशा. जेवण झालं, की "जरा वामकुक्षी घेतो" म्हणायचं आणि डाव्या कुशीवर व्हायचं सोडून चक्क उताणं पडायचं. मग सारं घर दणाणायचं. वर आईबाबा कौतुकाने म्हणायचे, "काय गाढ झोप लागलीय बघ."

डोंबलाची गाढ झोप. मधेच आवाज थांबायचा, श्वासही थांबायचा, आणि आजोबा गुदमरून दचकायचे. परवा तर तिला शाळेतून आणताना गाडी चालवता चालवताच त्यांना डुलकी लागली. गाडीने आपणहून ब्रेक लावला म्हणून निभावलं. तरी पठ्ठ्या कबूल होईना.

"मोरू, आता तूच सांग बाबा," ती घरच्या यंत्रमानवाला म्हणाली.

"दोघंही खरं बोलताय," मोरू म्हणाला. "झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं, की गुरुत्वाकर्षणाने जीभ आणि मऊ टाळू (टाळूचा मागचा, हाड नसलेला भाग) मागे पडतात. वाट अरुंद होते. तिथून घुसणारी हवा टाळू थरथरवते. फुग्याचं तोंड ताणून हवा सोडली, की तो किंचाळतो ना, तसंच. स्थानकात वजन जाणवत नाही, म्हणून जीभ मागे पडत नाही."

"बरं, घोरतो. कुणाचं काय बिघडलं?"

"चोंदलेलं नाक, वाढलेलं वजन, दारू, लहान मुलांत घशातल्या सुजलेल्या गाठी, कशानेही घोरणं येतं. पण वाट पुरती बंद झाली, तर तो निद्राश्वासरोध (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडणे). दर वेळी मेंदू झोप मोडून श्वास चालू करतो. मग दिवसा डुलक्या येणारच."

"सगळं पुस्तकी," आजोबा पुटपुटले.

आता मात्र हद्द झाली. "मोरू, कालची दुपार दाखव यांना."

भिंतीवर चित्र उमटलं. आजोबांची छाती जोर लावत होती, पण श्वास आत जात नव्हता. शेजारी शर्वाणी त्यांचा खांदा गदागदा हलवत रडत होती, "आजोबा, श्वास घ्या ना."

आजोबा तिच्याकडे वळले. "हे रोज करतेस?"

"रोज. म्हणून तर खेळायला जात नाही. आणि तुम्ही मलाच खोटं पाडता."

आजोबांनी गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि मोरूपुढे बोट केलं. "लाव काय लावायचं ते."

मोरूने बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा, छातीला पट्टा, नाकाखाली नळी लावली. झोपेची ती नोंद पाहून डॉक्टरीणबाईंनी निदान पक्कं केलं. वजन उतरवा, कुशीवर झोपा, आणि झोपताना हवेच्या हलक्या दाबाने वाट उघडी ठेवणारा मुखवटा लावा, असं त्यांनी बजावलं. झोपेत जीभ आपोआप सावरणारं तांदळाएवढं यंत्रही लवकरच येईल, म्हणाल्या.

पुढल्या आठवड्यात मुखवटा आला. आजोबा तो लावून कुरकुरत डाव्या कुशीवर झोपले. शर्वाणी त्यांच्या छातीकडे बघत बसली. छाती संथपणे वरखाली होत होती. खात्री पटल्यावर तिने चपला घातल्या आणि महिन्याभरात पहिल्यांदा खेळायला गेली.