जांभळा रंग कोणी पळवला?

"माझे जंतू कोणीतरी फितवलेत," संशोधक बाई म्हणाल्या.

भावजींनी वहीत 'जंतू फितवले' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना गुप्तहेरीत मदत करत. म्हणजे मुख्यतः त्यांची पिशवी धरत.

प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर बारा काचेच्या बशा होत्या. शनिवारी पेरलेले जंतू आज, सोमवारी, गडद जांभळे दिसायला हवे होते. पण प्रत्येक बशीत जांभळ्याच्या मधोमध एकेक मळकट ठिपका आणि त्याभोवती बटणाएवढं पांढरं वर्तुळ.

"एकेकटे असताना हे रंग धरत नाहीत," बाई म्हणाल्या. "प्रत्येक जण थोडं रसायन सोडतो. गर्दी झाली, रसायन साठलं, की सगळे मिळून जांभळे होतात. तीनला परीक्षक येणार. रंग सरसकट नाही तर प्रयोग बंद."

वहिनींनी भिंग लावलं. "पांढऱ्या भागातही जंतू वाढलेत की."

"वाढलेत. नुसते रंगले नाहीत."

"बशा उघड्या होत्या कधी?"

"शनिवारी, वाळवताना. अर्धा तास. मी चहाला गेले होते."

"खिडकीतलं तुमचं झाड छान आहे हो."

"ते? मरायला टेकलं होतं. आपोआप सुधारलं."

शिपाई मामा आले तेच कुरकुरत. "शनिवारी सकाळी फरशी लख्ख पुसली. आज बघतो तर खिडकीखाली माती."

भावजींनी लिहिलं: 'मामा चिडका. लक्ष ठेवणे.'

खोलीचा दुसरा अर्धा भाग बाईंचे सहकारी असलेल्या सरांचा. दोघांत दोन वर्षं अबोला.

"मी त्यांच्या टेबलाकडे बघतसुद्धा नाही," सर म्हणाले. "शनिवारी इथे होतो, हे खरं. उकडत होतं म्हणून पंखा लावला, एवढंच."

"यानेच विष ओतलं," भावजी कुजबुजले.

वहिनी मात्र बाईंच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक चाळत बसल्या होत्या. अडीच वाजता त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"विष घातलं असतं तर जंतू मेले असते, भावजी. हे जिवंत आहेत. फक्त एकमेकांचा निरोप त्यांना पोचला नाही. मातीतले काही सूक्ष्मजीव ते निरोपाचं रसायनच तोडून टाकतात. इथे पान एकशे दहावर आहे. मळकट ठिपके त्यांचेच. आता माती आली कुठून? झाडं आपोआप सुधारत नाहीत. बाई चहाला गेल्या तेव्हा कोणीतरी उघड्या बशांशेजारी कुंडीतली माती बदलली. वर पंखा. मामा तर आपल्या हाताने पसारा वाढवणार नाहीत. आणि पंखा कोणी लावला, ते आपण ऐकलंच."

सरांचे कान लाल झाले. "मुळं कुजत होती. सांगणार कसं? बोलणं बंद."

बाईंनी एक बशी उचलून उजेडात धरली. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"रागात होतात," वहिनी म्हणाल्या.

"माती कुठली?" बाईंनी सरांना विचारलं. दोन वर्षांतला पहिला प्रश्न.

"इमारतीमागच्या बटाट्याच्या वाफ्यातली."

"बटाटा सडवणारे जंतूही असाच निरोप धाडून एकदम तुटून पडतात. हा जीव तो निरोप तोडत असेल तर..."

"तर कदाचित फवारणीशिवाय सड आटोक्यात येईल," सरांनी वाक्य पुरं केलं.

तीनला परीक्षकांपुढे पांढरी वर्तुळंच मांडली गेली. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि प्रयोगाला आणखी दोन वर्षं दिली.

वहिनी आणि भावजी निघाले तेव्हा आत शोधनिबंधावर कोणाचं नाव आधी, यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मामांनी दार ओढून घेतलं.

"दोन वर्षं किती शांतता होती," ते म्हणाले.