मागच्या फाटकावरची हजेरी

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यातले तीन कामगार दीड महिन्यात गेले. इसूफ विहिरीत बुडाला, प्रभुला टँकरनं उडवलं, एकनाथ शॉक लागून मेला. तिन्ही फाइलींवर 'अपघात' लिहिलं होतं. तिघं एकाच पाळीत, सांडपाण्याच्या टाक्यांवर कामाला होते, हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं.

मी गुन्हे शाखेत नुकतीच बदलून आले होते. प्रभुची बायको शिवम्मा रोज सकाळी येऊन बाहेरच्या बाकावर बसायची. एकदा मी आत बोलावलं, तर एवढंच म्हणाली, "इसूफभाई लई पट्टीचा पोहणारा हुता, मॅडम. त्यो बुडंल व्हय?"

मी फाइली पुन्हा उघडल्या. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. कारखान्याचे मालक गुरुसिद्धप्पा शेठ. दोन आमदार त्यांच्या पंगतीला असायचे.

"उर्वी मॅडम, आठवड्याभरात हे बंद करा," साहेब म्हणाले.

म्हणजे आठवडा हातात होता. मी हजेरीच्या यंत्राची नोंद मागवली. त्या पाळीला तिघांसोबत आणखी कोण होतं, एवढंच बघायचं होतं. पण तिघांचे अंगठे मरणानंतरही लागत होते. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, मागच्या फाटकावर.

कुणीतरी लबाडी करतंय असं धरून मी हवालदार मल्लप्पांना घेऊन तिथं गेले.

"ते मशीन वर्षभर बंद आहे," कारखान्याचा क्लार्क म्हणाला. आमच्यासोबत मात्र तो आला नाही.

मे महिना. पत्रे उन्हानं कडकडत होते. हवेत सडक्या अंड्यांचा वास. फाटकाला गंजलेलं कुलूप, भिंतीवर यंत्र, त्याच्या काचेवर धुळीचा जाड थर.

"मॅडम, वायरच कापल्याली हाय की," मल्लप्पा म्हणाले.

दोन दहा झाले.

काचेखाली हिरवा दिवा लागला. "थँक यू," यंत्रातली बाई म्हणाली.

मग पुन्हा.

मग तिसऱ्यांदा.

धुळीत तीन ठसे उमटले होते. ओले.

मल्लप्पा पुढं झाले. त्यांनी स्क्रू काढले. यंत्रामागच्या पोकळीत, प्लास्टिकच्या पिशवीत, प्रभुचा मोबाइल होता.

व्हिडिओ चार मिनिटांचा. रसायनाचं पाणी बोअरमध्ये सोडायला इसूफ नकार देतो. शेठ बोटानं विहीर दाखवतात. दोन माणसं त्याला लोटतात आणि वरून दगड टाकतात. एकनाथ ओरडत धावतो. चित्रण करणारा प्रभु मागं सरकतो, पण मोबाइल खाली येत नाही.

तो व्हिडिओ मी आधी कोर्टात दिला. साहेबांना नंतर कळवलं.

परवा सकाळी अकराला शेठना त्यांच्याच केबिनमधून बाहेर काढलं. यंत्रं थांबली. फाटकापर्यंत दोन्ही बाजूंना कामगार उभे होते. कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. शिवम्मा पदर खोचून सगळ्यांच्या पुढं होती.

"मान वर कर की, शेठ! बघू दे तोंड!"

बारा वर्षांच्या नोकरीत वर्दी अंगावर इतकी हलकी कधी वाटली नव्हती.

जीपमध्ये मागं शेठ एकटेच, हातकडी गजाला अडकवलेली. पुढं मल्लप्पा आणि मी. हायवेला लागल्यावर मी वळून पाहिलं. शेठ गुडघे जुळवून, अंग चोरून खिडकीला चिकटले होते.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "यांना जरा तिकडं सरकायला सांगा ना."

मल्लप्पांनी एकदा आरशात पाहिलं. मग हात वर करून आरसा छताकडं फिरवला, आणि गाडी चालवत राहिले.