शेपटाची बोट

क्लबची उन्हाळी सहल दरवर्षी एकाच ठिकाणी जायची, आणि यंदा दुसरीकडे कुठंतरी जाऊ या यावर दरवर्षी दोन बैठका व्हायच्या. सकाळी आठला तलावातून निघायचं, कालव्यातून नदीत शिरायचं, आणि वाऱ्याच्या भरवशावर संध्याकाळपर्यंत नदीकाठचं ते छोटं गाव गाठायचं. गावाला एक दगडी धक्का, धक्क्यावर एक खानावळ, खानावळीच्या माडीवर झोपायच्या खोल्या. बोटी कुणाच्याच मोठ्या नव्हत्या. दोघं-तिघं बसतील एवढ्या, एक शीड, एक सुकाणू, आणि वारा पडला तर दोन वल्ही.

नियम म्हणाल तर एकच होता. सर्वांत मागे एक जाणती बोट ठेवायची. क्लबात तिला 'शेपूट' म्हणत. शेपटाने कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा रडतखडत चालला असेल तर आपणही रडतखडत जायचं. शेपूट धक्क्याला लागलं की सगळे पोचले, वेगळी मोजदाद करायची गरज नाही.

यंदा शेपूट मोजणीदाराकडे होतं. गेल्या वर्षीही त्याच्याकडेच होतं. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवलेला हा माणूस, भावाभावांच्या भांडणात वीतभर जमीन कधी इकडची तिकडे होऊ दिली नाही अशी त्याची ख्याती. चहातली साखरसुद्धा तो चमचा सपाट करून घालतो, यावरून क्लबात त्याची मनसोक्त थट्टा चालायची. गेल्या वर्षापासून मात्र ती बंद झाली होती. लोक त्याच्याशी फार जपून, फार मायेने वागत होते.

गेल्या वर्षी त्याच्या पुढे मास्तरांची बोट होती. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बोट जुनीपुराणी, आणि घाई हा शब्द दोघांच्याही गावी नव्हता. चारच्या सुमाराला वारा मंदावला. खानावळीच्या माडीवर सहा खोल्या, त्यातल्या दोनच नदीकडे उघडणाऱ्या. बाकीच्या मागच्या गल्लीवर, उन्हाळ्यात जीव नकोसा करणाऱ्या. तरणी मंडळी धक्क्यावरच पथारी पसरायची, खोल्या वयस्करांच्या; त्यांतला जो आधी पोचेल त्याला खिडकी. तासभर मास्तरांच्या मागे रखडल्यावर मोठ्या वळणाच्या अलीकडे मोजणीदाराने शीड ताणून घेतलं आणि त्यांना ओलांडून निघून गेला. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहावं लागलं असतं. त्याला खिडकीची खोली मिळाली. अंघोळ करून तो त्या खिडकीत उभा राहिला, आणि अंधार पडेपर्यंत नदीवर शीड काही दिसलं नाही.

बोट दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यात सापडली. मास्तर तिसऱ्या दिवशी सापडले.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने सरळच विचारलं, तुम्ही शेपूट, मग मास्तरांच्या आधी कसे पोचलात? भोवती सगळा क्लब उभा होता, मास्तरांची बायकोही होती. मोजणीदार म्हणाला, "मास्तरांनीच हात केला. म्हणाले, पुढे व्हा, मी येतोच मागून." हात कसा केला तेही त्याने दाखवलं. कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, मास्तर होतेच तसे. तिथंच सगळं मिटलं. त्या दिवसापासून त्याला कुणी शब्दाने दुखावलं नाही, आणि त्यानेच तो आतून पोखरून निघाला. चारचौघांत कुणी फाडफाड बोललं असतं तर लाज थोडी तरी हलकी झाली असती. इथं तर लोक आपल्या डब्यातली चांगली फोड त्याच्या ताटात वाढत होते.

यंदा मास्तरांची बायको सहलीला आली. क्लबचा सेक्रेटरी म्हणजे औषधांचा दुकानदार. त्याच्याकडे जाऊन वहिनी म्हणाल्या की हे जिथवर गेले तिथवर मला एकदा जाऊन यायचंय. कुणाच्या बोटीत बसता असं विचारल्यावर म्हणाल्या, भाऊजींच्या. शेवटी तेच होते यांच्याबरोबर.

हे कानावर आलं त्या रात्रीच मोजणीदाराने ठरवलं की आता सांगायचं. वाक्यही तयार केलं. 'वहिनी, मास्तरांनी हात केला नव्हता.' पाच शब्द. ते त्याने मोजले होते, वेगळं सांगायला नकोच.

तलावात वाक्य ओठांवर आलं, तेवढ्यात वहिनींनी सामान कुठं ठेवू असं विचारलं. कालव्यात पुढच्या बोटीतली दंतवैद्यीण ओरडून काहीतरी विनोद करत होती, तेव्हा बोलणं बरं दिसलं नसतं. नदीत शिरल्यावर ऊन चढलं आणि वहिनींनी डोळे मिटले. वहिनी डोलकाठीला पाठ लावून बसल्या होत्या, तोंड त्याच्याकडे. तो सुकाणू धरून मागे. दोघांच्या गुडघ्यांत हातभर अंतर. असा सकाळभर तो त्या पाच शब्दांना चघळत राहिला.

दुपारी नदीवरचा उचलता पूल आला. पूलवाला छोट्याशा खोलीतून बोटी मोजायचा आणि पाटीवर आकडा लिहून पूल खाली घ्यायचा. गेल्या वर्षी क्लबच्या नऊ बोटी होत्या, यंदा आठ. मोजणीदाराची बोट पुलाखालून गेली तरी पूल वरच राहिला. त्याने ओरडून सांगितलं की आम्ही शेवटचे, आठ झाल्या, घ्या खाली. पूलवाल्याने पाटी दाखवली. पाटीवर नऊ लिहिलं होतं.

"मागून एक येतेय ना," तो म्हणाला. "सावकाश येऊ द्या, मला घाई नाही."

मोजणीदाराने वळून पाहिलं. पुलाच्या खांबांमधून नदीचा सरळ तुकडा दिसत होता, आणि त्याच्या टोकाला एक शीड होतं. त्याला वाटलं, गावातलं कुणीतरी असेल. नदी काय क्लबच्या मालकीची नाही.

पण ते शीड मागेच राहिलं. अंतर चारशे मीटर. नजरेने अंतर सांगणं हा त्याचा धंदाच होता आणि त्यात तो चुकत नसे. अर्ध्या तासाने वारा वाढला, बोट पळू लागली, तरी चारशे. मग वारा पडला, पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं, बोट जवळजवळ उभी राहिली, तरी चारशेच. त्याने मुद्दाम शीड सैल सोडून पाहिलं. मागचं शीडही सैल पडलं. काठावरच्या लव्हाळ्यातून चिखलाचा उबट वास येत होता आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं.

वहिनी आता जाग्या होत्या. त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होत्या. त्यांनी पाण्याची बाटली तेवढी पुढे केली. ती घेताना त्यांच्या बोटांना आपली बोटं लागू नयेत याची त्याने काळजी घेतली.

मोठं वळण दिसू लागलं. पुढच्या सात बोटी त्या बाजूला लहान होत चालल्या होत्या. हीच ती जागा. काठावर वाकलेली तीन झाडं, आणि पाण्याचा रंग जिथं गर्द होतो तो पट्टा. गेल्या वर्षी इथंच त्याने शीड ताणलं होतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "मागे कुणीतरी उभं राहिलंय."

त्याने वळून पाहिलं. मागच्या बोटीत एक माणूस उभा होता. चेहरा ओळखू येण्याजोगा नव्हता, उन्हात नुसती आकृती. तिने उजवा हात सरळ डोक्यावर नेला, क्षणभर तसाच धरला, आणि दोनदा पुढे झुकवून खाली आणला. मग पुन्हा वर.

ती खूण मोजणीदाराने ओळखली. लांब शेतात पट्टी घेऊन उभ्या असलेल्या गड्याला 'पुढे सरक' म्हणून सांगायची ती खूण. तीस वर्षं, दिवसातून शंभरदा, त्याने ती केली होती. चौकशीच्या दिवशी मास्तरांचा हात म्हणून त्याने हीच करून दाखवली होती. खोटं बोलायलाही त्याला दुसऱ्याचा हात सुचला नव्हता.

शीड फडफडलं. दोर हातातून कधी सुटला ते त्याला कळलं नाही.

वहिनी एकदा मागे पाहत होत्या, एकदा त्याच्याकडे.

"यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं. शर्टाची बाही मी चढवून द्यायचे. बाहेर कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची."

मोजणीदार म्हणाला, "म्हणजे तेव्हाच..."

"तुम्ही हात वर करून दाखवलात ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली." त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. "आमच्या दिवाणखान्यात बसून जायचात, चहा घ्यायचात. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगतील."

ते पाच शब्द तेव्हा कुठं बाहेर पडले, आणि त्यांच्यामागोमाग बाकीचं सगळं. खिडकी, खोली, तासभराचा वैताग, मागे वळून न बघणं. एका खिडकीसाठी, वहिनी. असं तो दोनदा म्हणाला. साठीला आलेला माणूस नदीच्या मध्यावर नाक ओढत रडत होता आणि समोरच्या बाईने आपल्याकडे पाहू नये एवढीच त्याची इच्छा होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की मला एकटीला सांगून भागायचं नाही. ज्यांच्यासमोर तुम्ही ते बोललात, त्यांच्यासमोर हे बोला. तो हो म्हणाला. आजच, असं वहिनी म्हणाल्या. त्यालाही तो हो म्हणाला.

मग त्याने शीड पुरतं उतरवलं. शेपटाने थांबायचं असतं. दोघं मागच्या बोटीची वाट पाहत बसले. पुढच्या बोटी एकेक करून वळणाआड गेल्या, शेवटची तिथं थोडी रेंगाळली आणि मग तीही गेली. ऊन उतरलं. मोजणीदाराने पुन्हा मागे पाहिलं तेव्हा सरळ पुलापर्यंत नदी मोकळी होती.

त्याला हलकं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

धक्क्याला लागेपर्यंत दिवेलागणीची वेळ झाली होती. खानावळीत लांब टेबलाभोवती सगळे जेवायला बसले होते. दोघांना पाहून गलका झाला, ताटं आली, कुणीतरी मोजणीदाराला सांगितलं की खिडकीची खोली तुमच्यासाठी राखून ठेवलीय. उभं राहून बोलायचं धाडस त्याच्यात नव्हतं. तो बसूनच बोलला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, नजर ताटात, आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी हात केला नव्हता. मी खोटं बोललो. मी शेपूट होतो आणि मी त्यांना टाकून आलो.

कुणीतरी हातातला घास परत ठेवला. त्याने मान वर केली. लोक त्याच्याकडे पाहत होते, पण चेहऱ्याकडे नाही, थोडं वर. त्याला वाटलं, नजरेला नजर देववत नाही बिचाऱ्यांना.

पहिल्यांदा दंतवैद्यीण बोलली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मग आज का केलात?"

"काय?"

"तुमचं शीड उतरलेलं दिसलं म्हणून आम्ही वळणावर थांबलो होतो. परत फिरणार होतो. तुम्ही हात केलात. पुढे व्हा म्हणून. तीनदा केलात."

मोजणीदार म्हणाला की मी नाही केला. ते मागच्या बोटीतून होतं. औषधवाल्याने हळूच विचारलं, कुठली मागची बोट?

त्याने वहिनींकडे पाहिलं. बोटीत त्याच्यासमोर दिवसभर त्याच होत्या.

"होती," वहिनी म्हणाल्या. "मी पाहिली." मग थांबल्या. "पण हात भाऊजींनीही केला. मागच्या बोटीतला करायचा तेव्हा भाऊजीही करत होते. दर वेळी. मला वाटलं, भाऊजींना माहीत असेल."

सगळे अजून तिथंच पाहत होते, त्याच्या डोक्याच्या थोडं वर.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "खाली घ्या आता तो."

मोजणीदाराने मांडीकडे पाहिलं. तिथं डावा हात होता, एकटाच.