रथसप्तमीची शेवटची फेरी

चेतन, लिफ्टमध्ये आरसा कशाला असतो म्हणून मघाशी विचारलंस ना? कुणी म्हणतं, बंद जागेत जीव घाबरू नये म्हणून. कुणी म्हणतं, वेळ जावा म्हणून. असेल बाबा. पण आमच्या सोनईच्या विजयमालाला विचार, ती काय सांगते ते. तिनंच मला सांगितलं. अश्विनी, पुढं सरक, आणि मधे बोलायचं नाही.

सन शहाण्णव. रथसप्तमीची रात्र, साडेनऊचा सुमार. विजयमाला नगरला, सावेडीच्या एका चारमजली इमारतीत लिफ्ट चालवायला होती. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, वय उणंपुरं अठ्ठावीस. त्या दिवशी वरच्या मजल्यावर मालकिणीकडं संक्रांतीचं शेवटचं हळदीकुंकू. संध्याकाळभर तिनं नटलेल्या बायका वर नेल्या, खाली आणल्या. लिफ्टमध्ये पायापर्यंतचा आरसा. जी येईल ती त्यात बघून कुंकू सारखं करायची. हिला तिळगूळ मिळाला, तोही लांबून. कुंकवाचं बोट कुणी पुढं केलं नाही. एक बाई तर हिला बघून जिन्यानं गेली, सवाष्णीला अपशकुन नको म्हणून. विजयमाला मनातून पेटली होती.

सगळ्या पांगल्यावर मालकीण म्हणाली, "हा कुंकवाचा करंडा खाली माझ्या जावेला देऊन ये."

विजयमालानं जाळीचा दरवाजा ओढला. लिफ्ट निघाली. करंडा हातात, आरसा समोर. तिनं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. बघू कोण काय करतं ते.

लिफ्ट थांबली. दोन मजल्यांच्या मधोमध. दिवा मात्र चालू.

मग लिफ्ट खचली. कुणीतरी आत चढावं तशी. परत खचली... परत...

आत ती एकटी.

तिनं आरशात पाहिलं. मागं बायका उभ्या होत्या. दाटीवाटीनं. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाचं डोकं भादरलेलं. पार पणजीच्या काळच्या सुद्धा, पोरवयातच लग्नं लागायची तेव्हाच्या. सगळ्यांची कपाळं मोकळी. पुढं होती तिची सासू. ऐन तारुण्यात रांडावलेली, तीन वर्षांमागं वारलेली.

सासूनं हात वर केला...

गार बोट विजयमालाच्या कपाळाला लागलं. कुंकवावर.

हे पुसलं जाणार एवढं कळलं, आणि तिचं डोकंच फिरलं.

"हात खाली घ्या, आत्याबाई. ह्ये मी पुसू देनार न्हाई. तुमचं पुसलं तवा तुमी गप बसला. मी बसनार न्हाई."



बोट तिथंच. पण पुसत नव्हतं. थरथरत होतं. सासू कुंकवाकडं नुसती बघत होती, भुकेलं माणूस ताटाकडं बघतं तशी.

"पाहिजे व्हय तुमालाबी? मग मागा की सरळ. या."

तिनं करंड्यात बोट बुडवलं आणि आरशातल्या सासूच्या कपाळावर टेकवलं. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. दिसली ती एकही वगळली नाही. शेवटच्या बाईला लावलं आणि लिफ्ट हलकी होऊन खाली आली.

मालकिणीच्या जावेनं तिचं कपाळ पाहिलं आणि वर जाऊन चुगली केली. मालकीण म्हणाली, पुसून ये, नाहीतर उद्यापासून येऊ नको. विजयमाला दुसऱ्या दिवशी कुंकू लावूनच आली.

तेव्हा वॉचमन सहादू ओलं फडकं घेऊन आरशाशी झगडत होता. कुंकवाची बोटं निघेनात. नखानं खरवडून झालं. काचेवर काहीच नव्हतं. बोटं काचेच्या आत होती.

विजयमालानं एकेक ओळखलं. ही सासूची, ही तिच्या मागचीची. सगळी डोक्याच्या उंचीला. एक मात्र पार खाली, कमरेजवळ. तिथं तिनं हात लावलाच नव्हता.

तेवढ्या उंचीवर कपाळ येतं, ते पाच-सहा वर्षांच्या पोरीचं.