बुटकं स्टूल

“कंटाळा आलाय मला तुझा, खारू! दहा वर्षं झाली... आता जरा मला माझं आयुष्य जगू दे की!”

सकाळपासून घोकून ठेवलेलं वाक्य थोरलीने एका दमात बोलून टाकलं. उघड्या बॅगेपाशी उभी असलेली अकरा वर्षांची भाची रडली नाही, भांडली नाही. हातातला निळा स्वेटर तिने निमूट बॅगेत ठेवला आणि ती खोलीबाहेर गेली. पाऊल वाजवल्याशिवाय कधी न चालणारी ती खार, आज तिच्या पावलांचा आवाजसुद्धा आला नाही...

थोरली पलंगाच्या कडेवर टेकली. मनाला म्हणाली, झालं ते बरंच झालं.

धाकटी बहीण, खारूची आई, वकील. टाकून दिलेल्या, पळवून नेलेल्या, आईबापांच्या भांडणात चेंगरलेल्या मुलांसाठी तिने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि त्याच मुलांच्या पुण्याईने खासदार झाली. खारूचे बाबा गेले तेव्हा खारू जेमतेम वर्षाची होती. ‘महिनाभर येतेस का गं, ताई?’ एवढंच धाकटीने विचारलं होतं. शाळेत गाण्याची बाई असलेली थोरली रजा काढून धाकटीच्या घरी राहायला आली. महिन्याची दहा वर्षं झाली आणि तंबोरा गवसणीतच राहिला. गाणं उरलं ते फक्त खारूच्या उशाशी...

ताटातला घास माझा, तुझ्या ओठी गोड झाला,
तुझ्या पायांतला काटा, माझ्या डोळ्यांत रुतला...

गेल्या आठवड्यात धाकटीचा कायदा मंजूर झाला. मूल कुणाजवळ राहणार हे ठरवण्याआधी त्या मुलालाच विचारायचं, असा. सभागृहात बाकं वाजली. आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज भरलेला. “ताई, जगाच्या पोरांसाठी भांडले, आणि माझी मात्र तुझ्या पदरात टाकून मोकळी झाले गं! आता तिला राजधानीत घेऊन जाते. शाळेत नावसुद्धा घातलंय.”

“तुझंच लेकरू. ने की!” थोरली हसत म्हणाली होती.

पण खारूने मावशीच्या कमरेला मिठी मारली. “तू स्वतः जा म्हणालीस तरच जाईन. नाहीतर नाही!” आईबरोबर निघताना लेक अशी मावशीलाच धरून राहिली, तर धाकटी उभ्या जन्मात स्वतःला क्षमा करणार नाही, हे थोरली जाणून होती. म्हणून हा घाव. स्वतःच्या हाताने, स्वतःच्याच काळजावर!

चार वाजता गाडी यायची होती. तीनच्या सुमाराला, सकाळीच येऊन पोचलेल्या धाकटीने पुढच्या खोलीतून खारूला हाक मारली. पुढची खोली म्हणजे धाकटीचं ऑफिस. तिथे एक मोठी फिरती खुर्ची आणि सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं एक बुटकं स्टूल. मूल आलं की ते खुर्चीत, आणि वकीलबाई स्टुलावर. मुलाला कधी मान वर करून बोलायला लागू नये म्हणून. आणि पहिला शब्द मुलाचा. तोवर बाई गप्प. तिचे जुने कारकून मुनशी अभिमानाने सांगायचे, “मंत्र्यांना घाम फोडतात आमच्या बाई, पण पाच वर्षांचं पोर आलं की जमिनीला टेकतात!” लहानपणी खारूने एकदा विचारलं होतं, “मावशी, मी हरवले तर मला पण त्या खुर्चीत बसायला मिळेल ना?”

थोरली दाराआड थबकली. खुर्चीत आज खारू होती. स्टुलावर, गुडघे पोटाशी घेऊन, धाकटी. दोघी गप्प. टेबलावरचा फोन वाजला, धाकटीने न बघता तो बंद केला.

शेवटी खारू बोलली. “मी येते तुझ्याबरोबर. मावशीला मी नको आहे.”

“असं तिने सांगितलं?”

“कंटाळा आलाय म्हणाली.”

धाकटीने डोळे मिटले. “मुनशी! ताईला बोलवा जरा.”

“इथेच आहे मी,” म्हणत थोरली पुढे आली. “काय गं, बॅग भरून तयार आहे. उगाच उशीर...”

“खारू, ऊठ राजा. ताई, तू बस त्या खुर्चीत.”

“मी? वेडी का काय तू!”

“बस म्हणते ना!”

थोरली बिचकत बसली. खुर्ची तिच्यासकट अर्धी फिरली, तेव्हा मुनशींना हसू आवरेना. ते फायली घेऊन बाहेर सटकले. धाकटी खालून तिच्याकडे बघत होती. ज्या नजरेने अनोळखी लेकरांकडे बघायची, त्याच नजरेने.

“ताई, विचारण्याचा कायदा केला मी. पण घरात कुणाला विचारलं? हिला नाही. आणि तुला तर... दहा वर्षांत एकदासुद्धा नाही! सांग, तुला काय हवंय?”

धाकटी थांबली. कोर्टात क्षणभर न थांबणारी ती, थांबूनच राहिली.

“मला... मला हिचं सातवीचं वर्ष इथेच व्हायला हवंय!” थोरलीचा बांध फुटला. “आणि तू हवी आहेस गं! मधल्या सुट्टीत येणाऱ्या पाहुणीसारखी नाही... बहिणीसारखी! आणि... हसू नकोस... मला माझा तंबोरा लावायचाय.”

धाकटीने तिच्या मांडीवर डोकं टेकलं. खांदे गदगदत होते. “क्षमा कर, ताई. दर शुक्रवारी येते. ऑफिसात नाही, घरात. खारू, चालेल तुला?”

“फोन बंद करून येशील?” खारूने विचारलं.

“बंद करून.”

“मग चालेल.”

बाहेर हॉर्न वाजला. ड्रायव्हरने दारातून विचारलं, “किती बॅगा, बाई?”

“एकच. माझी,” डोळे पुसत धाकटी म्हणाली आणि उठली.

रिकाम्या झालेल्या स्टुलावर खारू पटकन येऊन बसली. लांब पाय कसेबसे दुमडून, हनुवटी गुडघ्यांवर. खुर्चीतल्या मावशीकडे तिने खालून पाहिलं.

“आता माझी पाळी. खरं सांग... आला होता कंटाळा?”

आणि आईने शिकवल्यासारखी, पुढे एक शब्दही न बोलता, ती वाट बघत राहिली. थोरलीला हसू आणि रडू एकदमच आलं. खुर्ची सोडून ती सरळ जमिनीवर बसली, भाचीच्या नजरेपेक्षाही खाली.

“एक क्षणसुद्धा नाही गं, माझे खारू... एक क्षणसुद्धा नाही!”