बंद ट्रकमधला चालू काटा

पटत नसेल तर नागपूरला वाडीत या. ट्रक अजून माझ्या गॅरेजमागे उभा आहे. लांबून बघा, पण केबिनमध्ये चढू नका.

मी चेतन. ट्रकला जादा मीटर आणि ऑइल फिल्टर बसवायचं काम वीस वर्षं करतोय. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गिऱ्हाइकांना मी एकच सांगायचो, ड्रायव्हर थापा मारेल, मीटर मारत नाही.

मागच्या नोव्हेंबरात माझा मोठा भाऊ जागेश्वर त्याचा ट्रक घेऊन आला. दादा मौद्याच्या वीज केंद्रातून राख वाहायचा. त्या धुळीनं त्याचं एक इंजिन आधीच बसलं होतं. डॅशबोर्डवर ऑइलचा नुसता लाल दिवा असतो आणि तो लागेपर्यंत इंजिन संपलेलं असतं. म्हणून मी दोन मीटर लावले. एक ऑइलच्या दाबाचा, एक ऑइलच्या तापमानाचा. आणि तेल जास्त गाळायला एक वेगळा फिल्टर.

आमच्याकडे एक रीत आहे. नव्या फिल्टरमध्ये पहिलं तेल मालकाच्या हातानं पडतं.

दादानं तेल ओतलं. डब्याच्या कडेनं त्याचा अंगठा कापला. रक्ताची धारच लागली... सगळी फिल्टरमध्ये.

"फेकून दे दादा, दुसरा मागवतो."

"काहून फेकतं? गाडीनं रक्त पेलं, आता काही मागत नाही ते. लाव गा."

मी लावला.

१८ डिसेंबर, सकाळचे आठ. ट्रक तीन दिवसांपासून उभा. टपावर दव साचलेलं. टॉर्च घ्यायला मी केबिनमध्ये चढलो.

टक... टक... टक...

इंजिन बंद होतं. चावी माझ्या खिशात होती.

तरी दाबाचा काटा हलत होता. वर... खाली... वर...

तापमानाचा काटा सदतीस अंशांवर होता, माणसाच्या अंगाइतका.

थंडगार पडलेल्या ट्रकचं तेल सदतीस?

आमचं घर गॅरेजला लागूनच आहे. दादा अंगणात खाटेवर ऊन खात बसला होता. काय मनात आलं कोण जाणे, मी जाऊन त्याची नाडी धरली. त्याच्या बायकोला, शामलावहिनीला, केबिनमध्ये बसवलं.

"काटा हलला की सांगा, वहिनी."

"आता... आता... आता..."

प्रत्येक 'आता'ला माझ्या बोटाखाली ठोका पडत होता.

दादा हसत होता. वहिनी हसली नाही.

मी घाबरलो. पाना घेऊन केबिनमध्ये चढलो आणि दाबाच्या मीटरला तेल आणणाऱ्या नळीचा सांधा सैल केला. जरासाच.

मागे अंगणात खाट करकरली...

दादा छाती धरून खाली पडला होता. ओठ निळे. मी झटक्यात सांधा आवळला. दादानं मोठा श्वास घेतला.

"काय करून राहिला गा तू?" त्यानं विचारलं.

तांब्याच्या नळीचा सांधा एकदा हलवला की पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून तिथून तेल गळायला लागलं. रोज एक थेंब. मी दहादा आवळला, थेंब थांबेना. नवा सांधा बसवायचा तर आधी जुना काढावा लागणार. तो काढायची माझी छाती नव्हती.

दादा पिवळा पडत गेला. रिपोर्ट सगळे नॉर्मल. ६ जानेवारीला दुपारी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. डॉक्टरांनी दोनदा ईसीजीची पट्टी काढून दाखवली. सरळ रेघ.

दादाला घरी आणलं. घाटावर न्यायची वेळ झाली तेव्हा वहिनी घरात नव्हती. ती ट्रकच्या केबिनमध्ये होती.

"भाऊजी... काटा चालू हाये. हळू हाये, पन हाये. नेऊ नका वं माय यायले..."

मी आत डोकावलो.

टक...... टक......

"काय म्हणते सूनबाई?" आमच्या भैयाजी काकांनी खालून विचारलं.

"दुःखात बोलते, काका," मी म्हणालो.

आयुष्यभर लोकांना सांगत आलो, मीटरवर भरवसा ठेवा. त्या दिवशी मी माझ्याच मीटरवर ठेवला नाही. याची मला आजही लाज वाटते.

दादाला मूल नव्हतं. अग्नी मीच दिला.

घाटावर माझा फोन वाजला. वहिनी होती.

"भाऊजी, दुसरा काटा वर चालला..."

समोर चितेनं नीट पेट घेतला होता.

"साठ... भाऊजी, नव्वद... तिथं काय करून राहिले तुम्ही?"

मी फोन बंद केला.

परत आलो तेव्हा तापमानाचा काटा दीडशेच्या टोकाला जाऊन टेकला होता. आणि दाबाचा काटा...

टकटकटकटक... जीव घेऊन पळणाऱ्या माणसाची छाती उडते तसा.

आज चार महिने झाले. दोन्ही काटे तसेच आहेत. सांध्याखाली वहिनीनं वाटी ठेवली आहे. रोज पडलेला थेंब ती परत फिल्टरमध्ये ओतते. म्हणते, "संपू देऊ नका, भाऊजी."

मी रोज पाना घेऊन चढतो. सांधा सोडला तर दादा माझ्या हातानं जाईल. नाही सोडला तर तो जळतोच आहे. रोज तसाच खाली उतरतो.

काल सकाळी चढलो तर वहिनी मीटरच्या काचेवर ओलं फडकं धरून बसली होती. शेजारी पाण्याची बादली होती.

"पाहा ना भाऊजी," ती म्हणाली, "थोडा तरी उतरला काय?"

मी फडकं बाजूला करून पाहिलं. काटा तिथंच होता.

"हो वहिनी, उतरला," मी म्हणालो.